कलम चार आणि चंपा बोरखिंडे

अखिल बोरखिंडे कुलबंधू मंडळ, पुणे
(नोंदणीकृत)
जा. क्र. ११२/२०२४
बिबवेवाडी, पुणे ३७
१४ ऑक्टोबर २०२४

बोरखिंडेकुलभूषण चंपा हिस अनेक आशीर्वाद.

आपली ओळख नाही, पण आडनाव एक आहे, तेव्हा ओळख आहेच. मी रंगनाथ बोरखिंडे, वरील मंडळाचा स्थापनेपासूनचा कार्यवाह. टेलिफोन खात्यातून निवृत्त.

काल वर्तमानपत्रात ‘जिल्ह्यात प्रथम : चंपा बोरखिंडे, लोणी काळभोर’ एवढी ओळ वाचून मला काय आनंद झाला ते सांगता येत नाही. कशात प्रथम ते कळू शकले नाही, कारण पानाच्या उरलेल्या भागावर आमच्या घरी मेथी निवडली गेली होती. पण प्रथम म्हणजे प्रथम.

आमचे मंडळ दर वर्षी डिसेंबरात एका नामवंत बोरखिंड्याचा शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन सत्कार करते. सन २००० मध्ये पहिला मान निवृत्त न्यायाधीशांना मिळाला. मग एक शल्यविशारद, एक गणिताचे प्राध्यापक, दोन खो-खोपटू झाले. तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही, पुढे पुढे ओढाताण होऊ लागली. २०१९ साली कुकर सोडतीत जिंकलेले गृहस्थ होते. २०२२ साली जे होते ते दूरदर्शनच्या बातम्यांत मंत्र्यांच्या मागे चार सेकंद दिसले होते. गेल्या वर्षीच्या सत्कारमूर्तींची स्कूटर चोरीला जाऊन परत सापडली आणि त्यांचे नाव वयासकट छापून आले.

यंदा पंचविसावे वर्ष आणि एकही नामवंत नाही. आमच्या घटनेचे कलम नऊ सांगते, ‘ज्या वर्षी कुलात एकही नामवंत सापडणार नाही, त्या वर्षी मंडळ विसर्जित झाले असे समजावे.’ हे कलम घातले तेव्हा नामवंत रांगेत उभे होते. आता मी रोज सकाळी चार वर्तमानपत्रे चाळतो आणि आडनाव शोधतो. तू सापडली नसतीस तर मंडळ बुडालेच होते.

२२ डिसेंबर, रविवार, सकाळी दहा वाजता मार्केट यार्डाजवळच्या कार्यालयात यावे. सोबतचा माहितीचा तक्ता भरून पाठवावा. उत्तर पत्रानेच यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर कुलाची कामे होत नाहीत, तिथे फक्त सुप्रभात होते.

तुझा कुलबंधू,
रंगनाथ बोरखिंडे

---

लोणी काळभोर
२१ ऑक्टोबर २०२४

रंगनाथ तात्यांना मुक्ताईचा नमस्कार.

चंपाच्या नावाचं पत्र पोस्टमनने आणून दिलं आणि दारातच उभा राहून हसत होता. चंपाला लिहिता येत नाही म्हणून मी उत्तर देते आहे. आमचे हे, संतोष, म्हणाले, “राहू दे की, कशाला उत्तर?” मग सासूबाई म्हणाल्या, “पुण्याची मान्सं हायत, तक्ता धाडलाय, भरायलाच पायजे.” म्हणून भरला.

पूर्ण नाव चंपा. वय सहा. शिक्षण नाही. विवाहाचा रकाना कोरा सोडला आहे. अपत्यं तीन, पैकी दोन रेड्या. कशात प्रथम, तर जिल्ह्याच्या दूध स्पर्धेत, दोन वेळचं मिळून बावीस लिटर. छंद, पाण्यात बसणं. यशाचं श्रेय सरकी पेंडीला आणि हिरव्या मक्याला. समाजाला संदेश काही नाही, ती तशी अबोल आहे.

तात्या, चंपा आमची म्हैस आहे. वार्ताहराने तिचं नाव विचारलं, मग आमचं आडनाव विचारलं, आणि घाईत दोन्ही जोडून छापून टाकलं.

पत्त्याच्या रकान्यात जागा मोठी होती म्हणून सविस्तर लिहिलं आहे : मुक्ताई दूध संकलन केंद्र, सोलापूर रस्ता. मी चालवते. एका म्हशीपासून सुरू केलं, आता एक्केचाळीस आहेत. गावातल्या त्र्याण्णव बायका माझ्याकडे दूध घालतात, त्यांना म्हशीची निगा मीच शिकवली. कुणालाही विचारलं तरी पत्ता सांगतील.

फोटो सोबत आहे. दोरी धरलेली मी आहे, तेवढा भाग कापून टाका.

तुमचा वेळ फुकट गेला, राग मानू नका.

मुक्ताई संतोष बोरखिंडे

---

जा. क्र. ११५/२०२४
बिबवेवाडी
२९ ऑक्टोबर २०२४

सौ. मुक्ताई यांस नमस्कार.

आपले पत्र वाचून मी अर्धा तास गॅलरीत बसून होतो. आमच्या सौ. प्रेमला हिने तेच पत्र वाचले आणि ती अर्धा तास स्वयंपाकघरात हसत होती. एकाच पत्राचे दोन परिणाम झाले.

तरीही मी तातडीची कार्यकारिणी बोलावली. अकरापैकी अकरा सभासद हजर होते, कारण सभेला प्रेमलाच्या हातचा उपमा असतो. मी घटना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. मुक्ताई, आपणांस सांगतो, नामवंत हा मनुष्य असावा असे तीत कुठेही म्हटलेले नाही. आम्हाला सुचलेच नव्हते.

चर्चा दोन तास चालली. बजरंगराव म्हणाले, जनावराचा सत्कार केला तर कुलाची शोभा होईल. त्यावर आमचे अध्यक्ष हिंदुराव, वय चौऱ्याऐंशी, म्हणाले, “गेल्या वर्षी स्कूटर हरवली म्हणून शाल दिलीत. हिने निदान दूध तरी दिलंय.” गेल्या वर्षीचे सत्कारमूर्ती तिथेच बसले होते, त्यांनी उपम्याची बशी पुढे केली. विवाहाचा रकाना कोरा आणि अपत्ये तीन, यावरून थोडी कुजबुज झाली, ती मी थांबवली.

आता एकच अडचण उरते. कलम चारप्रमाणे नामवंत हा कुलात जन्मलेला हवा. विकत घेतलेली म्हैस चालणार नाही. तरी चंपाचा जन्म कुठला, हे कृपया लेखी कळवावे.

मोकळेपणाने लिहितो. निवृत्तीनंतर माझ्याकडे दुसरे काही नाही. सकाळी आंघोळ करून मी मंडळाच्या टेबलाशी बसतो, जावक वही उघडतो, आणि मला वाटते की आपण अजून कामावर आहोत. मंडळ विसर्जित झाले तर उद्या सकाळी मी कुठे बसू, हे मला खरेच कळत नाही. तेव्हा म्हैस तर म्हैस.

आपला,
रंगनाथ बोरखिंडे

---

लोणी काळभोर
५ नोव्हेंबर २०२४

तात्यांना नमस्कार. दिवाळी छान झाली असेल. आमच्याकडे वसुबारसेला चंपाचाही मान झाला, गाईंच्या रांगेत ती आपली आपणच येऊन उभी राहिली.

तुमचं टेबलाचं वाचून वाईट वाटलं. माझे वडील रिटायर झाल्यावर रोज सकाळी डबा घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बसत. म्हणून विचारलेलं सगळं खरं खरं कळवते.

माझं लग्न २००१ साली झालं. मी दौंडकडची. वडिलांनी पाठवणीच्या वेळी माझ्यामागे एक म्हैस पाठवली. म्हणाले, सासरी कुणी काही बोललं तर हिच्याजवळ जाऊन बसत जा. ती चंपाची आजी. मी आणि ती एकाच दिवशी, एकाच टेम्पोतून लोणीला आलो. मी पुढे बसले होते.

चंपाची आई आमच्याच गोठ्यात झाली आणि चंपाही. तिचा जन्म माझ्या हातावर झाला. वार गुरुवार. दाखला हवा असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून आणते.

मुक्ताई

---

जा. क्र. ११९/२०२४
बिबवेवाडी
११ नोव्हेंबर २०२४

सौ. मुक्ताई यांस अनेकानेक धन्यवाद!

चंपा जन्माने बोरखिंडे आहे! तीही दुसऱ्या पिढीची! कार्यकारिणीत टाळ्या पडल्या. दाखल्याची गरज नाही, आपला शब्द पुरे. मंडळ वाचले. मी आज जावक वहीला नवे कव्हर घातले.

कार्यक्रमाचा तपशील असा. कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्टमध्ये चार माणसे मावतात. चंपाचे वजन कळवावे. ते जमत नसल्यास सत्कार खाली वाहनतळावर होईल आणि सभासद जिन्यावर ओळीने बसतील. शाल नेहमीची साडेतीन हाती पुरणार नाही, म्हणून दोन जोडून शिवायला टाकल्या आहेत. मानपत्र प्रेमला लिहिते आहे. दर वर्षीचे मानपत्र तीच लिहिते, अक्षर चांगले आहे. ‘वाणी मधुर’ हे वाक्य यंदा गाळावे का, असे विचारत होती.

एक छोटी गोष्ट. आपण मंचावर बसण्याचा आग्रह धरू नये. कलम चारमध्ये स्पष्ट आहे : ‘मुली लग्नापर्यंत धराव्यात. सुना धरू नयेत.’ आपण कुलात जन्मलेल्या नसल्यामुळे मंचावर, म्हणजे वाहनतळावर आखलेल्या चौकोनात, आपल्याला स्थान देता येत नाही. चौकोनाबाहेर उभे राहून दोरी धरता येईल. दोरी लांब आणावी.

गैरसमज नसावा. नियम म्हणजे नियम.

आपला,
रंगनाथ बोरखिंडे

---

लोणी काळभोर
१६ नोव्हेंबर २०२४

रंगनाथराव,

चंपा येणार नाही.

तुमचं पत्र मी सकाळच्या धारा काढल्यावर गोठ्यात वाचलं. एकदा वाचून कळलं नाही म्हणून परत वाचलं. मी आणि चंपाची आजी एकाच टेम्पोतून या घरात आलो. तिच्या नातीला तुम्ही घरची म्हणता आणि मी तेवीस वर्षांनी अजून बाहेरचीच. म्हणजे नियमाने बघितलं तर आमच्या गोठ्यात एक्केचाळीस बोरखिंडे आहेत आणि त्यांचं शेण काढणारी एक परकी बाई आहे.

हे मी संतोषना वाचून दाखवलं. ते आधी हसले. मग म्हणाले, “असं कसं? तू न्हाईस तर मग बोरखिंडे हाय तरी कोन हितं?” बत्तीस वर्षांच्या माझ्या दिराला म्हशीची धार काढता येत नाही, पण तो तुमच्या कलमात बसतो.

तुमच्या टेबलाचं वाईट वाटतं हे खरं आहे. पण मला माझंही वाईट वाटलं आणि ते मी आधी धरणार. कलम चार काढा, मी चंपाला घेऊन येते, चौकोनात उभी राहते. नाही काढलं तर तुमच्या जोडशालीचं गोधडीला अस्तर करा.

चंपाचं वजन सहाशे चाळीस किलो.

मुक्ताई

---

जा. क्र. नाही
बिबवेवाडी
३० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मुक्ताई हिस आशीर्वाद.

पत्राला चौदा दिवस लागले. जावक क्रमांक घातलेला नाही, कारण हे पत्र मंडळाचे नाही, माझे आहे. आणि मी तुम्हाला आता अगं म्हणणार आहे, चालेल ना?

तुझे पत्र प्रेमलाने माझ्या आधी वाचले. तिने ते घडी घालून माझ्या ताटाशेजारी ठेवले. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हते. मी विचारले, तर म्हणाली, “मीठ या घरात जन्मलेलं नाही, म्हणून धरलं नाही.” दुसऱ्या दिवशी साखरेचे तेच झाले. तिसऱ्या दिवशी मी कार्यकारिणी बोलावली. उपमा नव्हता. रवा बाहेरचा होता.

कलम चार रद्द करावे की नाही यावर मतदान झाले. हिंदुराव बाजूने, बजरंगराव विरुद्ध, असे करत पाच विरुद्ध पाच झाले. अकरावा मी. सगळे माझ्याकडे बघू लागले आणि मी म्हणालो, उद्या सांगतो. मला वेळ काढायचा नव्हता मुक्ताई, मला एक गोष्ट आठवली होती आणि ती दहा जणांपुढे बोलवत नव्हती. तुला सांगतो.

कलम चार मी लिहिले. २००० साली प्रेमला पालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवत होती आणि त्या वर्षी तिला राज्याचा शिक्षक पुरस्कार मिळाला. पेपरात फोटो आला, नजरेत भरण्याइतका मोठा. मंडळ नुकतेच स्थापन होत होते. मला वाटले, पहिल्याच वर्षी कार्यवाहाने स्वतःच्या बायकोला शाल घातली असे लोक म्हणतील. कुणी काही म्हणाले नव्हते. मीच ठरवले की म्हणतील. म्हणून ‘सुना धरू नयेत’ हे वाक्य घातले, आणि मला तेव्हा फार स्वच्छ माणूस असल्यासारखे वाटले.

त्या घटनेची शुद्ध प्रत तिने लिहिली, अक्षर चांगले म्हणून. कलम चारपाशी ती थांबली. मी विचारले, शाई संपली का? ती नाही म्हणाली आणि पुढे लिहू लागली. त्यानंतर चोवीस वर्षे तिने चोवीस जणांची मानपत्रे लिहिली. कुकरवाल्याचे सुद्धा! ‘आपल्या कर्तृत्वाने कुल उजळले’ असे लिहिले होते तिने, कुकरसाठी. मला लाज वाटते आहे.

दुसऱ्या दिवशी मी मत दिले. कलम चार गेले. बजरंगराव म्हणाले, आता सुना धरल्या तर मोजताना पंचाईत होईल. त्यांच्या स्वतःच्या घरी एक सून भूलतज्ज्ञ आणि एक एसटी वाहक आहे, हे त्यांना घरी गेल्यावर आठवले.

मग मी तुझा तक्ता परत काढला. त्र्याण्णव बायका, एक्केचाळीस म्हशी, संकलन केंद्र. हे सगळे तू पत्त्याच्या रकान्यात लिहिले होतेस, आणि मी ते फक्त पोस्टासाठी वाचले. पंचविसावी नामवंत तू आहेस. चंपाने तुझ्याबरोबर यावे. शाल जोडूनच झाली आहे, दोघींना पुरेल.

रंगनाथ तात्या

---

लोणी काळभोर
४ डिसेंबर २०२४

तात्यांना नमस्कार.

अगं म्हणा, बरं वाटलं. पत्र सासूबाईंनाही वाचून दाखवलं. मिठाचं ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “आक्षी बरोबर केलं तिनं.” मग बोटांवर वर्षं मोजत बसल्या. त्या तर पन्नास वर्षांपूर्वी आल्यात या घरात.

मी येते. संतोष टेम्पो आणतील, चंपा मागे. तिला माईकचा आवाज सहन होत नाही, तेवढं बघा.

पण तात्या, शाल घ्यायला मी पहिली कशी? रांगेत माझ्यापुढे एक बाई चोवीस वर्षं उभी आहे आणि ती तुमच्याच घरात आहे. तुम्ही मला एवढं सगळं लिहिलंत, तिला हे बोललात का? तुमच्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही. बोलायला जमत नसेल तर लिहा, लिहायला तुम्हाला जमतं.

त्या हो म्हणाल्या तर मी टाळ्या वाजवायला येईन. चंपा आली तरी तिला खाली बांधू.

मुक्ताई

---

जा. क्र. १२३/२०२४
बिबवेवाडी, पुणे ३७
७ डिसेंबर २०२४

प्रति,
सौ. प्रेमला रंगनाथ बोरखिंडे
बिबवेवाडी, पुणे ३७

महोदया,

आपण सन २००० मध्ये राज्याचा शिक्षक पुरस्कार मिळवून कुलाचा नावलौकिक वाढवला, याची मंडळाने त्या वेळी नोंद घेतली नाही. ती चूक मंडळाची नव्हती, एकट्या कार्यवाहाची होती. ती त्याने जाणूनबुजून केली आणि नंतर चोवीस वर्षे तिच्याकडे बघायचे टाळले.

तरी यंदाच्या सत्काराचा आपण स्वीकार करावा अशी मंडळाची आणि कार्यवाहाची नम्र विनंती आहे.

मानपत्र मी लिहायला घेतले आहे. चार कागद फुकट गेले. हे काम इतके अवघड असते हे मला माहीत नव्हते. तू कसे करत होतीस?

पत्र हातात देणार होतो, पण तू समोर हसलीस तर पुढचे बोलता येणार नाही, म्हणून पोस्टाने पाठवतो.

तुझा,
रंगनाथ

---

बिबवेवाडी, पुणे ३७
१२ डिसेंबर २०२४

रा. रा. कार्यवाह यांस,

आपले पत्र मिळाले. पोस्टमनने ते आपल्याच हातात दिले आणि आपण ते माझ्या पोळपाटाशेजारी ठेवून फिरायला निघून गेलात. पोळी करपली. आपणच खाल्लीत, पण काही बोलला नाहीत, तेव्हा आपली चूक आपल्याला पटली आहे असे मी धरते.

विनंतीचा विचार केला. यंदा जमणार नाही.

यंदाची शाल मुक्ताईला द्या. तिचे मानपत्र मी परवाच लिहून ठेवले आहे आणि चंपाचे चार ओळींचे वेगळे आहे. ‘वाणी मधुर’ चंपाच्या मानपत्रात ठेवले, मुक्ताईच्या गाळले. दोघींनाही शोभेल. वाहनतळावर सतरंजी घालू नका, चंपा घसरेल. आणि मी सत्काराला उपमा करणार नाही, पहिल्या रांगेत बसणार आहे.

आता माझे. पुढच्या वर्षी मला पुन्हा विचारा. मी बहुतेक नाही म्हणेन. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. तुम्ही विचाराल म्हणून मी चोवीस वर्षे वाट बघितली, आता मी हो म्हणेन म्हणून तुम्ही बघा. शिवाय त्यात मंडळाचाही फायदा आहे. मी शाल घेतली नाही तोवर कुलात एक नामवंत शिल्लक आहे, म्हणजे कलम नऊ लागू होत नाही, आणि रोज सकाळी तुम्हाला बसायला टेबल राहील.

विचाराल ते मात्र पत्रानेच. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, तुम्ही मला लिहिलेले हे पहिले पत्र. मी ते तीनदा वाचले, दोनदा चष्मा लावून आणि एकदा नुसतेच.

प्रेमला